वजा फलित

गडदेसाहेबांनी सांगितलेला चहा टेबलावर यायच्या आतच यंत्राने अबोलीच्या पुढच्या चाळीस वर्षांचा हिशेब उरकला होता. पडद्यावर एक आकडा आला आणि त्याच्या आधी लाल अक्षरांत एक शब्द : वजा.

"वजा म्हणजे काय?" मैथिलीने विचारलं. कळलं नव्हतं असं नाही, पण अशा वेळी माणूस विचारतोच.

"म्हणजे वहिनी, मुलीने बावीस लाखांचं कर्ज काढून ही प्रोग्रॅमिंगची पदवी घेतली, तर त्या पदवीमुळे जन्मभरात जे जास्तीचं मिळेल, त्याहून कर्जात आणि व्याजात सव्वीस लाख जास्त जातील." गडदे हे कऱ्हाडच्या त्या सहकारी बँकेचे शाखाधिकारी. माणूस वाईट नव्हता; नियमाबाहेर बोट हलवायचा नाही, एवढंच. "फलित वजा आलं की मला कर्ज देता येत नाही. निर्णय यंत्राचा, मी फक्त सहीचा धनी."

अबोली आईच्या शेजारी बसून पडद्याकडे बघत होती. प्रवेश परीक्षेत ती जिल्ह्यात तिसरी आली होती. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात तिची जागा ठरली होती, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत फी भरली नाही तर ती यादीतल्या पुढच्याला जाणार होती. आज बुधवार होता.

"शौर्यला तर मिळालं कर्ज," ती म्हणाली. "हाच कोर्स आहे त्याचा. कॉलेज साधं, मार्कही कमी."

शौर्य तिच्या काकांचा मुलगा. त्याचं फलित अधिक एकशे चाळीस लाख आलं होतं आणि काकांनी सबंध गल्लीत पेढे वाटले होते.

"तो मुलगा आहे म्हणून का?" मैथिलीने सरळच विचारलं.

"छे हो! कायद्याने तो रकानाच काढून टाकलाय. यंत्राला मुलगा-मुलगी कळतच नाही." गडद्यांनी चहाचे कप पुढे सरकवले. "एक वाट आहे. स्वतःचं फलित दमदार असलेला जामीनदार मिळाला तर वजावरही कर्ज देता येतं. हेमंतराव चालले असते. पण एका माणसाला एकाच शिक्षणकर्जाला जामीन राहता येतं, आणि ते तर शौर्यला राहिलेत ना?"

मैथिलीने उचललेला कप तसाच खाली ठेवला. हे तिला ठाऊक नव्हतं.

"शौर्यचं फलित एवढं मोठं. त्याला जामीन कशाला लागला?"

"लागला नाही. जामीनदार दिला की व्याज दोन टक्क्यांनी उतरतं, म्हणून."

दोन टक्के! पण नवऱ्याशी काय भांडायचं ते बँकेत नाही, एवढं भान तिला होतं. "मी राहते जामीन," ती म्हणाली. "मला पगार आहे. मी इंजिनिअर आहे."

गडद्यांनी तिचं नाव घातलं. मैथिली हेमंत कोरगावकर. यंत्राने पुन्हा तेवढाच वेळ घेतला. गडद्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वहिनी, इथं 'पदवी : नाही' असं येतंय."

आता ही बाई काय करायची ते सांगायला हवं. प्रोग्रॅम लिहायचं काम यंत्रांनी कधीच काबीज केलं होतं. पण यंत्राने लिहिलेलं बरोबर आहे अशी जबाबदारीची सही पदवीधर माणसानेच केली पाहिजे, असा कायदा मधल्या एका मोठ्या अपघातानंतर झाला आणि प्रोग्रॅमिंगच्या पदवीला पुन्हा भाव आला. मैथिली साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम तपासून त्यांवर सही करायची. तिच्या सहीवर तालुक्यातला ऊस तोलला जात होता आणि बँकेचं यंत्र म्हणत होतं, हिला पदवीच नाही.

"माझं प्रमाणपत्र आणून दाखवू?"

"आणा की. मी बघेन. पण यंत्र कागद बघत नाही वहिनी."

संध्याकाळी हेमंत वीज कंपनीतून घरी आला तेव्हा मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि ओटा रिकामा होता. घरात काहीतरी बिनसलंय हे कळायला तेवढं पुरे होतं.

"दादाने विचारलं, मी हो म्हणालो," बूट काढता काढता तो म्हणाला. "माझ्या शिक्षणाला पैसे कोणी घातले? दादाने. नाही कसं म्हणणार?"

"मला सांगायचं तरी."

"मला वाटलं, अबोलीला गरजच पडणार नाही. एवढी हुशार पोर." ते त्याला खरंच वाटलं होतं. मग तो लेकीकडे वळला. "हे बघ बाळा, नर्सिंगचं फलित बघितलंस? अधिक नव्वद लाख! मुलींना नर्सिंग कसं फळतं बघ. उगाच हट्ट कशाला?"

"मला रक्त बघवत नाही, बाबा."

"सवय होते."

"आणि प्रोग्रॅमिंगची सवय मला आठवीपासून आहे, तिचं काय करू?" अबोली उठली आणि आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं मैथिलीला वाटलं.

फलिताचं राज्य येऊन पाचेक वर्षं झाली होती. कल्पना साधी होती. पूर्वी मुलं शेजाऱ्याचं बघून पदवी घेत, बँका बापाची पत बघून कर्ज देत आणि दोघेही बुडत. मग शास्त्रज्ञांनी देशभरातल्या कोट्यवधी माणसांच्या पदव्या, पगार आणि कर्जाचे हप्ते एकत्र केले. नवा विद्यार्थी आला की यंत्र या ढिगातून त्याच्यासारखे जुने विद्यार्थी शोधतं : तशाच गावचे, तशाच शाळेतले, तेवढ्याच मार्कांचे. त्यांना 'सोबती' म्हणतात. या सोबत्यांचं पुढे काय झालं ते बघून यंत्र नव्या मुलाचं आयुष्य हजारदा पुढे चालवतं, कधी पदवी देऊन, कधी न देता, आणि दोन्हींतला सरासरी फरक सांगतं. उद्या पाऊस पडेल का ते वेधशाळा सांगते, तसंच. फरक एवढाच, की वेधशाळेने काही म्हटलं तरी पाऊस आपला बेत बदलत नाही. माणसं बदलतात. वजा आलेल्या मुली प्रोग्रॅमिंगकडे वळेनाशा झाल्या. वधूवर सूचक मंडळं पत्रिकेबरोबर फलित मागू लागली. कऱ्हाडच्या कॉलेजात मैथिलीच्या वेळी अर्धा वर्ग मुलींचा होता. आता तिथे तिघी बसत होत्या.

सोबत्यांची माहिती बघायचा हक्क कायद्याने प्रत्येकाला होता. तो कोणी वापरत नसे, कारण तिथे नावं नसत, नुसते आकडे. पण मैथिलीचा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली, दुपारी अबोलीला शेजारी बसवलं आणि लेकीचे सोबती एकेक करून उघडले.

"सगळ्या मुलीच दिसतात गं," ती म्हणाली.

"कशावरून? तो रकानाच नाहीये."

"शाळेचा आहे ना. तू कन्या प्रशालेत होतीस. यंत्राला कन्या म्हणजे काय ते कळत नाही, पण कन्या प्रशालेतल्यांचं पुढे सारखंच होतं, हे त्याने हेरलंय."

आणि खरंच सारखं होतं. चांगले मार्क, चांगली नोकरी, दोन वर्षं, चार वर्षं वाढता पगार, आणि मग एका महिन्यात उत्पन्न शून्य. नंतरही शून्य. एकीचं नाही, दुसरीचं नाही, जवळजवळ सगळ्यांचं. रोगाची साथ यावी तशा या मुली पंचविशी-सत्ताविशीत नाहीशा होत होत्या.

सातव्या सोबत्यापाशी मैथिलीचा हात थांबला. कऱ्हाडचं कॉलेज. शेवटच्या वर्षाचे मार्क ओळखीचे. पहिली नोकरी हिंजवडीत, पगार ओळखीचा. तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीतला बोनसही ओळखीचा, कारण त्यातून तिने वडिलांना घड्याळ घेतलं होतं. मग फेब्रुवारीत उत्पन्न शून्य. त्या फेब्रुवारीत तिचं लग्न झालं होतं.

खाली यंत्राने शेरा मारला होता. 'गृहीत : मृत.'

"आई, काय झालं? पांढरीफटक पडलीस."

"ही मी आहे," मैथिली म्हणाली.

लग्नाआधी ती शलाका दत्तात्रय वेल्हाळ होती. लग्नात हेमंतने ताटातल्या तांदळांत अंगठीने 'मैथिली' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका सकाळीत तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही गेली. तिला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. नवं नाव छान होतं आणि नवराही. पुढे बँकेत, आयकरात, आधारवर सगळीकडे तिने रीतसर नाव बदलून घेतलं होतं.

तिथेच घोटाळा झाला होता, आणि तो इतका सरळ होता की मैथिलीला हसू आणि रडू एकदम आलं. कोणाचं गुपित फुटू नये म्हणून या ढिगातून सगळे ओळख क्रमांक काढून टाकले होते. त्यांच्या जागी पूर्ण नाव आणि जन्मतारीख एकत्र दळून एक खूण केलेली होती. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही; तसं त्या खुणेवरून माणूस ओळखता येत नाही. पण तेच नाव पुन्हा दळलं तर तीच खूण निघते, म्हणून यंत्राला पदवी आणि पगार एकाच माणसाचे आहेत एवढं कळतं. पुरुषाचं नाव जन्मभर एकच. बाईचं बदललं की नवी खूण. यंत्राच्या लेखी शलाका नावाची इंजिनिअर मुलगी कर्ज मागे ठेवून मेली, आणि त्याच महिन्यात मैथिली नावाची एक बाई आकाशातून पडली, जिला पदवी नाही पण पगार झकास आहे. मुलींना पदवी लाभत नाही आणि पदवी नसलेल्या बायका बक्कळ कमावतात, असं त्यातून निघालं नसतं तरच नवल.

"मग नर्सिंगचं?" अबोलीने विचारलं. तिचे डोळे चमकायला लागले होते.

"नर्सला परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. लग्न झालं तरी तोच राहतो, आणि त्यांच्या खुणेत नावाऐवजी तोच दळतात. म्हणून नर्स मरत नाहीत. प्रोग्रॅमरला परिषदच नाही."

अबोलीने आईला मिठी मारली. पण मैथिलीची नजर पडद्यावरच होती. मघाच्या शेऱ्याखाली आणखी दोन ओळी होत्या. शिक्षणकर्जाची बाकी : एक लाख नव्वद हजार, निर्लेखित, म्हणजे बुडीत खाती. शेवटची चौकशी : कऱ्हाड तालुका. मिळालेलं उत्तर : या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.

कर्ज वडिलांनी फेडलं होतं. निदान तसं ते म्हणाले होते. कर्जाचं ओझं देऊन लेक सासरी पाठवायची नाही, म्हणून विट्याच्या आपल्या शिंपीकामाच्या दुकानातून ते हप्ते भरत राहिले. "फिटलं गं पोरी," असं एकदा फोनवर म्हणाले, आणि अबोली दोन वर्षांची असताना गेले. मैथिलीने पुढे कधी विचारलं नाही. आणि चौकशी कऱ्हाडात झाली होती. कऱ्हाडात शलाका वेल्हाळचा पत्ता विचारायला कोणी आलं तर ते याच दाराशी येणार.

तिने रात्रीच्या जेवणाची वाट पाहिली नाही. हेमंत घरात शिरताच तिने पडदा त्याच्यासमोर धरला. त्याने वाचलं आणि खुर्चीत बसला.

"कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"वसुलीचा माणूस. तुझे बाबा जाऊन दोन-तीन महिने झाले होते." तो लगेच बोलायला लागला, जणू इतकी वर्षं कोणी विचारण्याचीच वाट बघत होता. "फ्लॅटचे हप्ते चालू होते. अबोली आजारी असायची. तो म्हणाला, शलाका वेल्हाळ इथं राहतात का? मी नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते. या घरात त्या नावाचं कोणी नव्हतंच."

"खोटं नव्हतं," मैथिली म्हणाली. "तुम्ही मला मारलंत, आणि खोटंही बोलला नाहीत. कमाल आहे तुमची."

"असं काय बोलतेस? तुला ताप नको म्हणून—"

"बाबा खोटं बोलले ते मला ताप नको म्हणून. तुम्ही बोललात ते हप्ता नको म्हणून." तिचा आवाज चढला होता. तिला राग आला होता, आणि रागाहून जास्त लाज वाटत होती, की तिने स्वतःही कधी चौकशी केली नव्हती.

शुक्रवारी तिने फलिताच्या पुनर्तपासणी कक्षाशी संपर्क साधला. पडद्यावर तांबे नावाचा एक तरुण अधिकारी आला. त्याने सगळं ऐकलं, मध्ये दोनदा उठून कोणाला तरी विचारून आला आणि परत बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण खूण उलटी फिरवता येत नाही. कोणती मुलगी पुढे कोण झाली, हे आम्हाला शोधताच येत नाही. त्या बाईनेच स्वतः येऊन दोन्ही नावं द्यायची आणि खुणा जोडायला संमती द्यायची. आणि एकीने भागत नाही. एका गटातल्या किमान चाळीस जणी जुळल्या, तरच यंत्र तो गट नव्याने मोजतं."

"तुम्ही जाहीर करा ना. बायका येतील."

"करू. समिती बसेल, परिपत्रक निघेल. सहा-आठ महिने धरा."

"मला सोमवारपर्यंत हवंय."

"मग चाळीस जणी तुम्हीच आणा," तो म्हणाला, आणि ते टोमण्यासारखं नव्हतं. "एक सांगतो. खुणा जोडल्या की सगळंच जोडलं जातं. उत्पन्न, खाती, कर्ज. तुमची बाकीही जिवंत होईल. व्याजासकट नऊ लाखांच्या घरात जाईल. शिवाय तुमच्याबाबत 'राहत नाही' असं उत्तर नोंदलेलं आहे, त्यामुळे माणूस घरी येऊन पुन्हा विचारेल. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी तरी सज्ञान माणसाने द्यायचं. तेही मागच्या वेळी सज्ञान असलेल्या माणसाचंच धरतील."

मैथिलीने बॅचच्या मुलींना फोन करायला सुरुवात केली. मुली म्हणजे आता पंचेचाळिशीच्या बायका. फोनमध्ये त्या अजून माहेरच्याच नावांनी होत्या. एकीतून दुसरी, दुसरीतून धाकटी बहीण, असं करत साखळी लांबत गेली. काही जणी ऐकताक्षणी हो म्हणाल्या. एकीचा नवरा मागून ओरडला, "माझं नाव लावायला लाज वाटते काय आता?" आणि फोन बंद झाला. एकजण म्हणाली, "माझं जोडून काय उपयोग? मी लग्नानंतर खरंच घरी बसले. तुझ्या पोरीचा आकडा आणखी खाली जायचा." अशा बऱ्याच निघाल्या. मैथिलीने तांब्यांना विचारलं तर ते म्हणाले, खरं असेल ते दिसेल, निवडून घेता येणार नाही. आकडा कुठे जाईल हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं.

उल्काने तर साफ नकार दिला. उल्का तिची हॉस्टेलमधली खोलीसोबती. "माहेरच्या नावाचं खातं मी बंद केलंच नाही," ती कुजबुजली. "बाहेरून कामं घेते, ते पैसे तिथं जातात. घरात कोणाला माहीत नाही. जोडलं की सासऱ्यांपासून सगळ्यांना दिसेल. मला माफ कर."

"माफी कसली मागतेस," मैथिली म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटलं.

अबोली सगळं ऐकत होती. शनिवारी दुपारी तिने आईच्या हातातून फोन काढून घेतला. "बस कर आई. नऊ लाख तू कुठून आणणार? मी नर्सिंगला जाते. बघते सवय होते का."

"तू गप्प बस," मैथिली म्हणाली. "तुझ्यासाठी करत होते, ते खरं. पण आता नुसतं तुझ्यासाठी नाही. मी जिवंत आहे, एवढी तरी नोंद कुठे लागू दे."

रविवारी संध्याकाळी उल्काची संमती आली. सोबत चारच शब्द : 'खोली तयार ठेव माझी.' एकोणचाळीस झाल्या. चाळिसावी मैथिली स्वतः, आणि तिचं जोडणं हेमंतच्या जिभेवर अडलेलं.

तो दोन दिवस घरात पाहुण्यासारखा वावरत होता. "बायकोच्या नावावर नऊ लाख थकबाकी निघाली, की नवऱ्याचा जामीन रद्द," त्या संध्याकाळी तो म्हणाला. "शौर्यचं व्याज चढणार. दादाला काय सांगू? शिवाय मी खोटी माहिती दिली, तो ठपका वेगळाच. कंपनीत कळलं तर?"

"मला नका विचारू," मैथिली म्हणाली. "तुम्हाला विचारायला उद्या माणूस येणार आहे."

"मी काय बोलेन ते मलाच माहीत नाही," तो म्हणाला. ते खरं होतं.

सोमवारी सकाळी लोखंडे नावाची एक तरुण चौकशी अधिकारी आली. ती घरात आली नाही, नियमाप्रमाणे दारातच उभी राहिली. हेमंत उंबऱ्याच्या आत उभा होता. मैथिली आणि अबोली त्याच्या मागे, आतल्या दारापाशी. बोलायची परवानगी त्या दोघींना नव्हती.

"शलाका दत्तात्रय वेल्हाळ या नावाची व्यक्ती इथे राहते का?" मुलीने टॅबमधून वाचून विचारलं.

हेमंतने मुलीच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं होतं. मैथिलीला त्याचा नुसता पाठमोरा शर्ट दिसत होता, आणि हा माणूस पुन्हा नाही म्हणू शकतो, पुन्हा खरंही ठरू शकतो, हे तिला लख्ख कळत होतं. तिने अबोलीचा हात धरला.

"सर, हो किंवा नाही, एवढंच सांगायचंय."

"राहतात," हेमंत म्हणाला.

"तुमचं नातं?"

"माझी बायको."

मुलीने लिहिलं आणि पान सरकवलं. "सोळा वर्षांपूर्वी याच पत्त्यावर 'राहत नाही' असं उत्तर मिळालंय. ते कोणी दिलं होतं, सांगता येईल? माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहिते."

सुटायची वाट तिनेच मोकळी करून दिली होती. हेमंतने मान खाली घातली.

"मी," तो म्हणाला. "मीच दिलं होतं. लिहा."

तिने लिहिलं, त्याचा अंगठा घेतला, दंडाचं सांगितलं आणि गेली. दार लावायचं कोणाला सुचलं नाही. अबोली फोन हातात घेऊन बसली. तांब्यांचा निरोप आला : चाळीस पूर्ण, गट मोजायला घेतलाय. मग दुपारपर्यंत काहीच नाही. मैथिलीने भात लावला, तो खाली लागला. सगळ्यांनी तो तसाच खाल्ला.

फलित आलं तेव्हा अबोलीने ते आधी मनात वाचलं. "अधिक," ती म्हणाली. "अधिक एकावन्न लाख." मग ती किंचाळली, मग थांबली. "पण शौर्यच्या निम्म्याहूनही कमी आहे गं."

"असणारच," मैथिली म्हणाली. "जेवढ्या जणी खरंच घरी बसल्या, तेवढं कमी. ते यंत्राचं चुकलेलं नाही."

तासाभरात गडद्यांनी कर्ज मंजूर केलं, जामीनदाराशिवाय, आणि फी भरल्याची पावती आली. "अभिनंदन वहिनी," ते फोनवर म्हणाले, आणि मग ओशाळून, "तुमच्या थकबाकीची नोटीस पण सोबत पाठवतोय." अबोली मैत्रिणीला सांगायला खाली पळाली.

घरात दोघंच उरली. हेमंत उठून तिच्याजवळ आला.

"शलाका," तो म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तिला वाटलं होतं, हे नाव त्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटेल. वाटलं नाही. उलट भडकाच उडाला.

"एकीला दारातून घालवलीत आणि दुसरीला संसाराला जुंपलीत. आता पहिलीला गोड बोलून बोलावताय होय?" ती म्हणाली. "मैथिलीच म्हणा. ते नाव मी निभावलंय, ते मी सोडणार नाही. आणि पहिलंही सोडणार नाही."

"आणि नऊ लाख?"

"कर्ज दोघींचं आहे. दोघी मिळून फेडतील."

"मग मी काय करू?"

टेबलावर त्याचा फोन केव्हाचा थरथरत होता. पडद्यावर दादांचं नाव होतं. जामीन रद्द झाल्याचा निरोप त्यांना पोहोचला असणार.

"तुम्ही आधी तो फोन उचला," मैथिली म्हणाली.

हेमंतने फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता : कसली थकबाकी, कोण ही शलाका, भलतीच्याच कर्जापायी माझ्या पोराचं व्याज का चढावं? हेमंतने सगळं ऐकून घेतलं.

"भलती नाही रे दादा," तो म्हणाला. "ती इथंच राहते. पहिल्यापासून."